साहेबांना म्हणायचंय ते असं

आर्लीन स्टिडहॅमला स्वतःचं मत नाही, असं तिची बहीण विल्मा म्हणायची. म्हणायची टोमण्यानेच, पण त्यात खोटं काही नव्हतं. थँक्सगिव्हिंगला सगळं गोत केंटकीला जमलं आणि टर्की कापून झाली, की कुणीतरी हटकून विचारायचं, काय गं, तू राजधानीत असतेस, परदेशातल्या या लढाईबद्दल तुला काय वाटतं? आर्लीन काटा खाली ठेवून गंभीरपणे सुरुवात करायची, की टॅकेटसाहेबांचं असं म्हणणं आहे... तिथेच टेबलाभोवती हशा पिकायचा. साहेबांचं आम्ही पेपरात वाचतो, तुझं सांग, असं विल्मा म्हणायची. आर्लीनही हसायची. पण तिचं वेगळं असं काही निघायचं नाही, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे.

वेन्डल टॅकेट हे तिच्याच डोंगराळ भागातले खासदार. त्यांच्या वॉशिंग्टनच्या कचेरीत ती टायपिस्ट म्हणून आली ती एका उन्हाळ्यापुरती. तो उन्हाळा काही संपला नाही. मधल्या काळात तिचं लग्न झालं, नवरा ड्वाइट पोस्टात होता, तो हृदयाच्या दुखण्याने गेला, मूलबाळ झालं नाही. नदीपलीकडे तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, गॅलरीत टोमॅटोच्या कुंड्या होत्या, आणि रविवारी ती बाप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गायची. बाकी सगळं आयुष्य टॅकेटसाहेबांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर गेलं.

या खुर्चीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या वॉशिंग्टन गावाचा निम्मा कारभार तिच्यावरून चालतो. खासदाराकडे पाहुणे आले की समोर पाहुणे, मध्ये खासदार, आणि शेजारी हातात काही न घेता बसलेलं एक माणूस. खासदाराची जीभ घसरली, आकडा चुकला, नको ते आश्वासन तोंडून गेलं, की हे माणूस किंचित पुढे झुकतं आणि हसून म्हणतं, "साहेबांना म्हणायचंय ते असं." पुढे जे येतं तेच खरं धरायचं आणि आधीचं कुणी ऐकलेलंच नाही, असा इथला रिवाज. पाहुणेही आपल्या टिपणात दुसरं वाक्य लिहून घेतात. कुणाला यात काही गैर वाटत नाही.

आता या खुर्चीवर बसणाऱ्या पुष्कळांना दुसऱ्याच्या पिठात आपलं मूठभर मिसळायची खोड असते. साहेबांच्या नावावर ते आपलंच घोडं पुढे दामटतात आणि पुढे स्वतः निवडणुकीला उभे राहतात. आर्लीनने ते कधी केलं नाही. साहेबांची जीभ घसरली नसती तर ते काय म्हणाले असते, तेवढंच ती बोलायची, आणि म्हणून तिचा शब्द चालायचा. परराष्ट्र खात्यातली माणसं एकमेकांना सांगायची, की आर्लीनबाई बोलल्या म्हणजे म्हातारा बोलला.

म्हातारा एकेकाळी कोळशाच्या खाणींचा तपासनीस होता. उंच, हाडकुळा, आणि बोलण्यात फार काटकसरी. खाणमालकांना तो नकोसा व्हायचा आणि कामगारांनीच त्याला खासदार केलं. पुढे हुशारीने म्हणा किंवा त्याच्या आधीचे एकेक हरले, मेले, घरी बसले म्हणून म्हणा, परराष्ट्र समितीवर तो आपल्या पक्षाचा सर्वात ज्येष्ठ झाला. डोंगरातल्या माणसाचा परराष्ट्रांशी काय संबंध, म्हणून पहिल्यांदा वर्तमानपत्रांनी थट्टा केली. पण ज्येष्ठाच्या हाती इथे एक गोष्ट येते.

सरकारला एखाद्या मित्रदेशाला शस्त्रं विकायची असली, की कायद्याप्रमाणे संसदेला रीतसर सूचना द्यावी लागते. त्या सूचनेनंतर विक्री अडवायची सोय कायद्यात आहे, पण आजवर तशी अडवून अडलेली एकही विक्री कुणाला आठवत नाही. खरं अडवायचं ते आधीच. सूचना पाठवण्यापूर्वी परराष्ट्र खातं चार माणसांना गुपचूप विचारतं, दोन्ही सभागृहांच्या समित्यांचे अध्यक्ष आणि विरोधी बाजूचे दोन ज्येष्ठ, त्यातले एक टॅकेटसाहेब. चौघांपैकी एकजण जरी थांबा म्हणाला, तरी खातं थांबतं. याला होल्ड म्हणतात. कायद्यात याचा उल्लेख नाही, कुठे सही नाही, शिक्का नाही. खात्याचा माणूस फोन करतो, तुमच्याकडून मोकळं का म्हणून विचारतो, आणि खुर्चीवरचं माणूस हो किंवा नाही म्हणतं. अब्जावधी डॉलरचा माल तेवढ्यावर अडून राहतो.

ज्या मित्रदेशाची ही हकिगत, त्याचं नाव इथे घेत नाही. आमच्याकडे फोनवरही कुणी घेत नाही, 'आपले मित्र' एवढंच म्हणतात. या मित्रांना बॉम्ब हवे होते, दिशा धरून जाणारे, नेमके. आधीची एक खेप ते घेऊन गेले होते आणि शेजारच्या देशातल्या लढाईत वापरतही होते. त्यातला एक बॉम्ब पाण्याच्या टाकीपाशी पडला, बायकामुलं कॅन घेऊन रांगेत उभी असताना. ते फोटो समितीच्या बंद खोलीत आले. तिथे दाराबाहेर लाकडी कप्प्यात फोन ठेवून आत जावं लागतं आणि पाहिलेलं काही बाहेर नेता येत नाही. साहेबांनी फोटो बराच वेळ बघितले, मागे आर्लीन उभी होती. बाहेर आल्यावर आर्लीनला म्हणाले, "खाणीत छत कोसळलं, की मालक म्हणायचा, झालं ते झालं, पुढची पाळी आत सोडा. मी म्हणायचो, आधी कुठं कोसळलं ते दाखव." मग म्हणाले, "लँडिसला सांग. मागचे कुठं कुठं पडले ते मला कळलं पाहिजे. तोवर नाही."

मॉर्टन लँडिस हा परराष्ट्र खात्याचा संसदेशी बोलणारा माणूस. जॉर्जियाचा, गोड बोलणारा, नेहमी बो-टाय लावणारा. तो तिला तिकडच्या पद्धतीने मिस आर्लीन म्हणायचा आणि ती त्याला नुसतं मॉर्टन. त्याने प्रश्न मित्रांकडे पोचवला. मित्र म्हणाले, चौकशी चालू आहे. साहेब म्हणाले, मग मीही थांबतो. बाकीचे तिघे कधीच मोकळे झाले होते. बॉम्ब बनवणाऱ्या कंपनीची माणसं रंगीत नकाशा घेऊन आली, कुठल्या मतदारसंघात किती रोजगार ते दाखवायला. साहेबांच्या डोंगरातलाही एक कारखाना त्यात होता. साहेबांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, कुठे पडतात हा आमचा विभाग नाही. साहेबांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि होल्ड राहिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात साहेबांचं बिनसायला लागलं. आधी फार काही नव्हतं. समितीत त्यांनी खाणीतली एक गोष्ट सांगितली आणि थोड्या वेळाने तीच पुन्हा सांगितली. लोक दोन्ही वेळा हसले. मग अध्यक्षांना त्यांनी कधीच वारलेल्या एका माणसाच्या नावाने हाक मारली. मतदानाची घंटा झाली की पूर्वी ते टेबलावरून उठलेले असायचे, आता विचारायचे, ही कसली घंटा? घरी त्यांची बायको ओपल सांभाळायची, कचेरीत आर्लीन. दोघींचं त्यावर कधी बोलणं झालं नाही. या गावात वार्धक्य दिसलं की सगळे सभ्यपणे खिडकीबाहेर बघतात. आपणही एक दिवस त्या जागी असणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

लँडिसचा फोन मात्र नेमाने यायचा, काही नवीन आहे का विचारायला. साहेब उत्तराची वाट बघताहेत, असं आर्लीन सांगायची. सुरुवातीला ते अक्षरशः खरं होतं. पुढे एकदा तिने साहेबांना विचारलं, ते बॉम्बचं तसंच ठेवू ना? साहेब म्हणाले, "कुठले बॉम्ब?" ती म्हणाली, असू दे, तुम्ही दमलाय. त्यानंतर तिने विचारलं नाही, आणि लँडिसला देताना वाक्यही बदललं नाही. म्हणजे आता ते बॉम्ब इथेच थांबले होते ते आर्लीनच्या त्या एका वाक्यावर. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने ते बाजूला ठेवलं होतं.

अशात मित्रांच्या राजदूताने भेटीची वेळ मागितली. राजदूत स्वतः येतो म्हटल्यावर नाही म्हणायची पद्धत नाही. साहेबांची सकाळ बरी असते म्हणून आर्लीनने सकाळची वेळ दिली, त्यांचा टाय स्वतः बांधला आणि पाहुण्यांची नावं त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतली. राजदूत आला, सोबत त्यांचा एक लष्करी अधिकारी आणि मागे बो-टाय लावलेला लँडिस. राजदूत रुबाबदार, मिठ्ठास बोलणारा. घरच्या मिठाईचा छोटा डबा त्याने टेबलावर ठेवला, केंटकीच्या घोड्यांच्या शर्यतीची चौकशी केली. साहेब खुलले. डोंगरातला माणूस यजमान म्हणून कधीच चुकत नाही. कॉफी आली, साहेबांनी मिठाई तोंडात टाकली, छान आहे म्हणाले. आर्लीनला वाटलं, निभावलं.

मग राजदूत म्हणाला, की आपण विचारलेल्या प्रश्नाचा आम्ही आदर करतो. चौकशी पूर्ण झाली. प्रत्येक बॉम्ब जिथे पडायला हवा होता तिथेच पडला.

आर्लीन साहेबांकडे बघत राहिली. जुने साहेब इथे कप खाली ठेवून म्हणाले असते, कुठे पडायला हवा होता? दोन शब्दही जास्त नाहीत. ती त्या वाक्याची वाट बघत होती. लँडिसही बघत होता, त्याने पेन उघडलं होतं.

साहेब म्हणाले, "वा, वा. उत्तम झालं." मग लँडिसकडे वळून म्हणाले, "अरे, मग देऊन टाका ना त्यांना. मित्र आहेत आपले. दारात आलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवतात होय?"

राजदूत, अधिकारी, लँडिस, तिघांनीही साहेबांकडे बघितलं नाही. तिघे आर्लीनकडे बघत होते. खुर्चीचा रिवाज तिघांना पाठ होता. ती गप्प राहिली तर झालेलं वाक्य कायम, आणि ती पुढे झुकली तर ते झालंच नाही.

ती पुढे झुकली. "साहेबांना म्हणायचंय ते असं," ती म्हणाली, "की तुम्ही स्वतः आलात याचं त्यांना फार बरं वाटलं. पण मागचे बॉम्ब कुठे पडले, याचं उत्तर अजून त्यांना मिळालेलं नाही. ते मिळेपर्यंत ते थांबणार आहेत."

राजदूताने साहेबांकडे वळून अदबीने विचारलं, "असंच ना, महाशय?"

साहेबांनी आधी आर्लीनकडे बघितलं. शाळेत चुकीचं उत्तर दिलेलं पोर बाईंकडे बघतं तसं. "हो, हो," ते घाईने म्हणाले. "आर्लीन म्हणते तेच. तेच म्हणायचं होतं मला."

पाहुणे उठले, हस्तांदोलनं झाली, आर्लीन त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आली. होल्ड कायम होता. परत आली तेव्हा साहेब टेबलावरचे मिठाईचे कण बोटाने गोळा करत होते. "माझं काही चुकलं का गं?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली. ड्वाइट गेला त्यानंतर ती अशी कधी रडली नव्हती.

त्या दिवसभर तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत राहिलं. आपण बोललो ते खोटं नव्हतं. साहेब साहेब असते तर हेच बोलले असते, यावर ती बायबलवर हात ठेवायला तयार होती. पण साहेब समोर बसले होते. त्यांनी उत्तर ऐकलं होतं आणि हो म्हटलं होतं. आजवर तिने त्यांची घसरलेली जीभ सावरली होती, आज त्यांचा शब्द उलटवला होता. आणि त्यांनी मान डोलावली होती, ती पटून नव्हे, तिला घाबरून. ती गोष्ट तिला सर्वात लागली. डोंगरातल्या लोकांनी वेन्डल टॅकेटला निवडून पाठवलं होतं. आर्लीन स्टिडहॅमला कुणी कधी कशावर निवडलं नव्हतं, चर्चच्या सहलीच्या कमिटीवरसुद्धा नाही. आणि दुसऱ्या बाजूला ती रांग होती, कॅन घेऊन उभी असलेली. तिने ते फोटो साहेबांच्या खांद्यावरून पाहिले होते.

संध्याकाळी ती ओपलकडे गेली आणि पहिल्यांदाच सगळं उघड बोलली. ओपल भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली.

"त्याचं सगळं मला माहीत आहे," ओपल म्हणाली. "मोजे मी घालते त्याला. तू मला काय नवीन सांगतेस?"

"मग मी काय करू?"

"करतेस तेच कर. जानेवारीत मुदत संपते, मी त्याला परत उभा राहू देणार नाही. तेवढे महिने काढ. तो शुद्धीवर असता तर अडवूनच धरलं असतं त्याने, हे तूही जाणतेस आणि मीही. मग कुणाच्या तोंडून निघालं, काय फरक पडतो?"

"त्यांना माझी भीती वाटली, मिस ओपल."

ओपलचा हात थांबला. "त्याला माझीही वाटते हल्ली," ती म्हणाली. "त्याला काय करणार? पण त्याचं नाव जाईल असं काही करू नकोस. एवढं माझ्यासाठी कर."

आर्लीनने तसंच करायचं ठरवलं होतं. खरोखर ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी लँडिसचा फोन आला, नेहमीसारखा, आणि नेहमीचं वाक्य तिच्या तोंडातून बाहेर पडेना. तिने ऐकवलं ते वेगळंच. साहेबांची तब्येत शब्द देण्यासारखी राहिलेली नाही, ती म्हणाली. काल खोलीत त्यांनी हो म्हटलं ते त्यांना कळून नव्हतं, आणि नंतर मी नाही म्हटलं ते माझं होतं.

लँडिस म्हणाला, "मिस आर्लीन, लाईन खराब आहे. तुम्ही काय म्हणालात मला ऐकूच आलं नाही."

"लाईन चांगली आहे, मॉर्टन."

"ऐका माझं. मी पण त्या खोलीत होतो. मला डोळे आहेत. साहेबांचा होल्ड आहे का, एवढंच मी विचारतो. तुम्ही हो म्हणता. तेवढंच मी वर सांगतो. वरचे शिव्या घालतात आणि थांबतात. तुम्ही हे दुसरं काहीतरी बोललात तर तेही मला वर सांगावं लागेल. मग कोण थांबेल? तुमचा पक्ष साहेबांच्या जागी दुसरा माणूस द्यायला किती दिवस लावेल, आणि तोवर हे वाट बघत बसतील?"

"नाही बसणार."

"मग कशाला बोलता?"

हा प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. इतकी वर्षं तिला वाटायचं, की लँडिसला फक्त फाईल पुढे ढकलायची असते. आज कळलं, की त्यालाही ते बॉम्ब जायला नको होते आणि तो तिच्या आडोशाने उभा होता. पण त्याने ते खात्यात कधी म्हटलं नसणार. तिने मनात हिशेब केला, एक म्हातारा जो आठवू शकत नाही, एक बाई जिला अधिकार नाही, आणि एक अधिकारी ज्याची हिंमत नाही. तिघे मिळून एक नाही म्हणत होते.

"मी त्यांच्या नावाने आणखी एकदा बोलले, तर मग पुढे कुठेच थांबणार नाही, मॉर्टन," ती म्हणाली. "उद्या त्यांच्या नावाने मी काहीही देईन, काहीही अडवेन. मला ते जमेल. काल किती सहज जमलं."

लँडिस म्हणाला, ठीक आहे. आणि पहिल्यांदाच तिला मिस आर्लीन न म्हणता त्याने फोन ठेवला.

नंतर जे झालं ते नेहमीच्या चालीने झालं. शुक्रवारी रीतसर सूचना संसदेत आली. कायद्याची मुदत सुरू झाली. कुणा तरुण सभासदाने विरोधाचा ठराव मांडायचं जाहीर केलं, तो पडणार हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी कचेरीतून निवेदन गेलं, की खासदार टॅकेट प्रकृतीच्या कारणाने समितीची जबाबदारी सोडत आहेत. निवेदन आर्लीनने लिहिलं. वर्तमानपत्रांनी त्यांच्या सचोटीबद्दल चांगलं छापलं. बॉम्बच्या बातमीला आतल्या पानावर थोडी जागा मिळाली.

रविवारी चर्च सुटल्यावर ती टॅकेटांच्या घरी गेली. ओपलने दार उघडलं, आत ये म्हणाली, मागच्या ओसरीवर आहे म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून मक्याच्या पावाचा वास येत होता. जेवून जा असं ओपलने म्हटलं नाही, हे आर्लीनच्या लक्षात आलं.

साहेब ओसरीवर मांडीत पातेलं घेऊन घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. डोंगरातल्या घराघरांतून मोडतात तशा, आधी शीर ओढायची, मग तुकडे करायचे. हात अजून सफाईने चालत होते. आर्लीन समोर बसली आणि तिने टोपलीतल्या मूठभर शेंगा घेतल्या. जे केलं ते या माणसाला तोंडावर सांगायचं, असं ठरवून ती आली होती. त्याला ते कळलं काय आणि न कळलं काय.

"साहेब, एक गोष्ट सांगायची आहे."

"सांग की."

तिने सांगायला घेतलं. 'तुम्ही' म्हणून सुरुवात केली तर ते गोंधळले, त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. तेव्हा ती थांबली आणि दुसऱ्या कुणाची तरी हकिगत सांगावी तशी सांगू लागली. एक म्हातारा खासदार होता. मित्रांना बॉम्ब हवे होते. आधीचे बॉम्ब पाण्याला आलेल्या लोकांवर पडले होते. म्हाताऱ्याने अडवून धरलं. साहेब ऐकत होते, अधूनमधून हुंकार देत होते. आठ्या गेल्या होत्या. खाणीतल्या अपघाताची साक्ष घेताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"काय विचारत होता तो म्हातारा?" त्यांनी मध्येच विचारलं.

"मागचे कुठे पडले, एवढंच."

"बरोबर विचारत होता." त्यांनी शेंगेची शीर ओढली. "मग? सांगितलं त्यांनी?"

"ते म्हणाले, जिथे पडायला हवे होते तिथेच पडले."

"हे काय उत्तर झालं?" साहेब म्हणाले. "कुठं पडायला हवे होते?"

आर्लीनच्या हातातली शेंग तशीच राहिली. तेच शब्द होते, तोच आवाज. त्या सकाळी कॉफीच्या कपावरून ती ज्याची वाट बघत होती ते वाक्य आज ओसरीवर आलं होतं. समोर राजदूत नव्हता, लँडिसचं उघडं पेन नव्हतं. आणि या आवाजावर आता विसंबू नका, हे तिनेच फोनवर सांगून ठेवलं होतं.

"मग काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"देऊन टाकले."

"उत्तर न घेता?"

"हो."

साहेबांनी मान हलवली. त्यांना त्या परक्या माणसांचा खरोखर राग आलेला दिसत होता. हातातली शेंग त्यांनी कडकन मोडली. मग त्यांनी वर बघितलं. नजर स्वच्छ होती, त्यात तिची भीती अजिबात नव्हती.

"तू तिथंच असतेस ना कामाला?" ते म्हणाले. "मग तू का नाही अडवलंस?"